पिंपरीची माती आणि बाळाची जीभ

कृष्णा-तारळीच्या संगमावरच्या उंब्रजसारख्या गावात तान्ह्या बाळाच्या जिभेवर दह्यासारखा पांढरा थर दिसला, की घरातली आजी म्हणायची, "बाळाचं तोंड आलंय." मग टाकणखाराची लाही मधात खलून ती बोटाने बाळाच्या तोंडात फिरवायची. कुणी म्हणे, आईचे दूध बाधले. बोल यायचा तो बाळंतिणीवरच, आणि कधी कधी बाळाचे अंगावरचे दूधही तोडले जायचे.

हा थर बुरशीचा असतो, हे एकोणिसाव्या शतकात उलगडले. स्टॉकहोमच्या अनाथ बालकांच्या संस्थेतील डॉक्टर फ्रेडरिक बर्ग यांनी १८४०च्या दशकात सूक्ष्मदर्शकाखाली ही बुरशी पाहिली आणि तिच्यावर ग्रंथ लिहिला. १९२३ साली तिला 'कँडिडा' हे नाव मिळाले. म्हणजे दोष दुधाचा नव्हता. पण ही गोष्ट आपल्या माजघरापर्यंत पोहोचायला फार वेळ लागला.

उंब्रजवरून जाणारा महामार्ग धरून पुण्याला गेले, की पुढे पिंपरी लागते. तिथे १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला. पुढच्याच वर्षी पेनिसिलिन तयार होऊ लागले आणि एके काळी परदेशातून आणावे लागणारे औषध आपल्या दवाखान्यांत आले. त्याने किती मुले वाचली असतील!

पण एक गंमत पाहा. पेनिसिलिन स्वतः एका बुरशीपासून मिळते आणि ते जिवाणूंना मारते, बुरशीला नाही. अशा औषधांनी जिवाणू हटले, की रिकाम्या झालेल्या जागेत कँडिडा हातपाय पसरते. म्हणून बुरशीवरचे औषध हवे होते. अमेरिकेत एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राऊन या दोघींनी मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून ते शोधले आणि १९५०मध्ये जाहीर केले. न्यूयॉर्क राज्यावरून त्याचे नाव ठेवले 'निस्टॅटिन'.

तसाच शोध पिंपरीतही लागला. बुरशीशास्त्रज्ञ एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तिथल्या मातीत एक सूक्ष्मजीव सापडला. त्याच्या शास्त्रीय नावात पिंपरी गाव कायमचे बसले : 'स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना'. त्यापासून १९६०च्या सुमारास निघालेले 'हॅमायसिन' तोंडातल्या कँडिडावर लावण्यासाठी वापरात आले. आजार बाळाच्या जिभेवर आणि उतारा पायाखालच्या मातीत!

मात्र या साऱ्या काळात आपण विचारत होतो, बुरशी मारायची कशी? ती बाळाच्या पोटात एरवी काय करते, हा प्रश्न उशिरा आला. आता आपल्याला ठाऊक आहे, की जन्मताना आणि जन्मानंतर आईकडून, हातांवरून, पुढे अन्नातून थोड्या बुरश्या बाळाच्या आतड्यात येतातच. आईच्या दुधातील काही साखरा बाळाला पचत नाहीत. त्या पोसतात उपयोगी जिवाणूंना. हे जिवाणू बुरशीला आवरून धरतात. २०१६ साली अमेरिकेतील डेट्रॉईटच्या बालकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या तान्ह्या मुलांच्या आतड्यात कँडिडासारख्या बुरश्या अधिक आणि असे जिवाणू कमी होते, त्यांच्यात पुढे ॲलर्जी आणि दम्याचा धोका जास्त दिसला. हा संबंध आहे. बुरशीमुळेच दमा होतो, असे त्यावरून सिद्ध होत नाही. पण पोटातला हा तोल महत्त्वाचा आहे, एवढे त्यातून कळते.

मग घरी काय करायचे? जिभेवर थर दिसला म्हणून अंगावरचे दूध तोडू नका. बाळाला आणि गरज पडल्यास आईलाही डॉक्टरांकडून औषध घ्या. टाकणखार विषारी आहे आणि वर्षाच्या आत मध देणेही धोक्याचे आहे. आजीची माया खरी होती, तिच्या हातात औषध तेवढेच होते. आणि प्रत्येक सर्दीला, प्रत्येक जुलाबाला अँटिबायोटिक मागू नका. पिंपरीच्या कारखान्याने दिलेली देणगी जपून वापरायची आहे.

आणि बाळंतिणीला बोल लावणे तेवढे आता थांबवू या.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)