मात्रा चुकलेले पाऊल

पक्षाघातानंतर अब्बा पुन्हा चालू लागले, तेव्हा त्यांच्या उजव्या पायाचा चवडा उचलला जात नसे. अंगणातल्या मातीत दर पावलामागे एक रेघ उमटे आणि चप्पल मागेच राही. भेटायला येणारे सांगत, ‘करंट द्या, पाय येईल.’ या ‘करंट’च्या आशेला पावणेतीनशे वर्षांचा इतिहास आहे.

१७४७ च्या अखेरीस जिनिव्हात झां जालाबेर या प्राध्यापकाने हात लुळा पडलेल्या एका कुलूप बनवणाऱ्या कारागिरावर विजेचे उपचार सुरू केले. हात सुधारल्याची वार्ता युरोपभर पसरली. पुढे अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातले अर्धांगवायूचे रुग्ण बेंजामिन फ्रँकलिन यांच्या दारी येऊ लागले. १७५७ च्या एका पत्रात त्यांनी आपला अनुभव प्रामाणिकपणे मांडला आहे. झटक्यांनी अवयवात ऊब येई, हालचाल थोडी वाढे. पण पाचव्या दिवसानंतर सुधारणा थांबे. कायमचा गुण आलेला आपण पाहिला नाही, असे ते लिहितात. शिवाय थोडाफार गुण आला, त्यात रोज घरी येण्याच्या व्यायामाचा आणि बरे होण्याच्या उमेदीचा वाटा किती, हा प्रश्नही ते स्वतःला विचारतात.

१७९१ मध्ये इटलीत गॅल्व्हानी यांनी बेडकाच्या पायावरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. १८५५ मध्ये फ्रान्समध्ये द्युशेन यांनी नेमक्या एकाच स्नायूला वीज कशी द्यावी, यावर ग्रंथ लिहिला. म्हणजे वीज किती द्यायची आणि कुठे द्यायची, हे हळूहळू कळत गेले. कधी द्यायची, हा प्रश्न मात्र राहिला होता.

त्याचे उत्तर अमेरिकेतले डॉक्टर व्लादिमिर लिबरसन यांनी १९६१ मध्ये दिले. पक्षाघातात इजा मेंदूला होते. पायातली नस बहुधा शाबूत असते. तिच्यापर्यंत हुकूम तेवढा पोचत नाही. लिबरसन यांनी बुटाच्या तळात एक बटण बसवले आणि कमरेला छोटे यंत्र. टाच उचलली की गुडघ्याखालच्या बाहेरच्या बाजूच्या नसेला वीज मिळे आणि चवडा वर येई. टाच टेकली की वीज बंद. चालण्याचा ताल सांभाळून वीज देण्याची ही युक्ती होती. सरावानंतर काही रुग्णांना यंत्राविनाही चवडा उचलता येऊ लागल्याचे त्यांनी नोंदवले.

आम्ही कविता लिहिणारी माणसे मात्रा मोजतो. वैद्यांचीही मात्रा असते, औषधाची. इथे दोन्ही मात्रा एक झाल्या.

अब्बांना दवाखान्यात खाटेवर निजवून करंट देत. चवडा छान हले. पण उठून चालू लागले की पुन्हा तीच रेघ. तेव्हा आम्ही नशिबाला बोल लावला. आज वाटते, मात्रा चुकली होती.

तरीही हा चमत्कार नव्हे. २००९ मध्ये ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने चाल सुधारण्यासाठी या उपचाराचा पुरावा पुरेसा मानला. मात्र २०१३ मध्ये अमेरिकेत १९७ रुग्णांवरच्या चाचणीत हे यंत्र आणि पायाला बांधायची साधी पट्टी, दोन्हींनी चालण्याचा वेग सारखाच वाढला. यंत्र परवडत नसेल, त्याने हे ऐकून खचून जाऊ नये. पट्टी आहे, रोजचा सराव आहे आणि फ्रँकलिन यांनी ओळखलेली ती उमेदही आहे. फक्त उमेद देणाऱ्याने तिचीही मात्रा सांभाळावी.