रोबेस्पिअरसाठी पॅरिस का उठले नाही? (थ्रेड)

१/ ५ सप्टेंबर १७९३. पॅरिसचे कारागीर, छोटे दुकानदार आणि मजूर नॅशनल कन्व्हेन्शनच्या सभागृहात शिरले. त्यांना पाव हवा होता आणि क्रांतीच्या शत्रूंना कठोर शासनही. पुढच्या जुलैत रोबेस्पिअरला याच लोकांची गरज पडली, तेव्हा बहुतेक जण घरीच राहिले. असे का झाले?

२/ या लोकांना ‘साँ-क्युलॉत’ म्हणत. उच्चवर्गीयांची गुडघ्यापर्यंतची विजार ते घालत नसत, म्हणून हे नाव. शहराच्या ४८ प्रभागांतील सभा हे त्यांचे बळ होते. १० ऑगस्ट १७९२ रोजी राजवाड्यावर चालून जाऊन राजसत्ता उलथवण्यात हेच प्रभाग पुढे होते.

३/ १७९३ मध्ये सीमेवर युद्ध, वांदे प्रांतात बंड आणि बाजारात महागाई होती. कन्व्हेन्शनला या लोकांची साथ हवी होती. त्यामुळे १७ सप्टेंबरला संशयितांचा कायदा आला आणि २९ सप्टेंबरला वस्तूंच्या भावांवर कमाल मर्यादा. मजुरीवरही तशीच मर्यादा आली, हे मात्र विसरता कामा नये.

४/ मागण्या मान्य होत असतानाच लगामही आवळला जात होता. प्रभागसभा आठवड्यातून दोनच भरतील असे ठरले. गरिबांची बाजू मांडणारा धर्मगुरू जाक रू कैदेत पडला व फेब्रुवारी १७९४ मध्ये तुरुंगातच त्याने आत्महत्या केली. ऑक्टोबरअखेरीस स्त्रियांच्या राजकीय क्लबांवर बंदी आली.

५/ ४ डिसेंबरच्या कायद्याने सत्तेची सूत्रे केंद्राकडे एकवटली. २४ मार्च १७९४ रोजी साँ-क्युलॉतांचा लाडका पत्रकार हेबेर गिलोटिनखाली गेला. त्यांनी आग्रहाने मागून घेतलेली ‘क्रांतिकारी सेना’ त्याच आठवड्यात बरखास्त झाली.

६/ १० जूनच्या कायद्याने आरोपीचा वकिलाचा हक्कही काढून घेतला. या काळात न्यायालयांनी देशभर सुमारे १७,००० जणांना मृत्युदंड दिला. त्यांत सरदार आणि धर्मगुरू थोडे होते. बहुसंख्य सामान्य माणसेच होती.

७/ २३ जुलै १७९४ रोजी पॅरिसमध्ये मजुरीचे नवे कमाल दर जाहीर झाले. अनेकांची कमाई त्यामुळे घटणार होती. चारच दिवसांनी रोबेस्पिअरच्या अटकेचा हुकूम निघाला. नगरपालिकेने मदतीची हाक दिली; काही प्रभागांचे सैनिक चौकात जमले, आदेशाची वाट पाहिली आणि रात्रीच पांगले. दुसऱ्या दिवशी त्याचा शिरच्छेद झाला.

८/ ज्या सभांतून लोक उठत, त्या शासनानेच निष्प्राण केल्या होत्या. ज्यांच्या हाकेवर लोक येत, ते नेते संपवले होते. याची किंमत लोकांनीही मोजली. डिसेंबर १७९४ मध्ये भावमर्यादा रद्द झाली आणि त्या हिवाळ्यात पॅरिस उपाशी राहिले. मे १७९५ मध्ये ‘पाव आणि १७९३ चे संविधान’ मागत लोक पुन्हा उठले. या वेळी त्यांच्यासमोर लष्कर उभे होते, आणि त्याने तो उठाव मोडून काढला.

(समाप्त)