रीफ टँकसाठी पंप कसा निवडावा? पुण्यातल्या घरांसाठी सोपी माहिती

रीफ टँक म्हणजे समुद्री मासे आणि प्रवाळ एकत्र वाढवलेली खाऱ्या पाण्याची टाकी. तिचा दिवा दोन दिवस बंद राहिला तरी प्रवाळ सहसा तग धरतात. पंप मात्र एक रात्र बंद पडला, तर सकाळी मासे मेलेले सापडू शकतात. म्हणून पंप घेताना ‘ताशी किती लिटर?’ याबरोबरच ‘वीज गेल्यावर काय?’ हेही विचारावे लागते.

पंपाची गरज कशासाठी?

प्रवाळ हा एका जागी चिकटून राहणारा प्राणी आहे. मालवणच्या समुद्रात लाटा आणि भरती-ओहोटी त्याच्यापर्यंत अन्न व प्राणवायू आणतात आणि त्याने टाकलेली घाण वाहून नेतात. टाकीत हे काम पंप करतो. शिवाय पाण्याचा पृष्ठभाग हलता राहिल्यामुळे हवेतला प्राणवायू पाण्यात मिसळतो.

खाऱ्या पाण्यात प्राणवायू मुळातच कमी विरघळतो. २५ अंश सेल्सिअसला समुद्रसपाटीवर गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे सव्वाआठ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर समुद्राच्या पाण्यात पावणेसातच्या आसपास. पुणे साधारण ५६० मीटर उंचीवर असल्याने इथे हा आकडा आणखी सहा टक्क्यांच्या आसपास घटतो. पाणी तापले की तो अजून खाली येतो.

दोन पंप, दोन कामे

रिटर्न पंप खालच्या सम्पमधले, म्हणजे गाळण यंत्रणा असलेल्या टाकीतले पाणी वर चढवतो. त्याचा प्रवाह मुख्य टाकीच्या तीन ते पाच पट असला तरी सहसा पुरतो. वेव्हमेकर टाकीच्या आतले पाणी फिरवतो.

मऊ प्रवाळांसाठी ताशी एकूण प्रवाह टाकीच्या १० ते २० पट धरतात. म्हणजे ३०० लिटरच्या टाकीत ३,००० ते ६,००० लिटर. लहान पॉलिपच्या कठीण प्रवाळांना ३० ते ५० पट किंवा त्याहून जास्त प्रवाह लागतो. एका मोठ्या वेव्हमेकरपेक्षा समोरासमोर लावलेले दोन लहान बरे. पाणी सगळीकडे पोहोचते आणि एक बंद पडला तरी दुसरा चालू राहतो.

खोक्यावरचा आकडा

‘ताशी ३,००० लिटर’ हा आकडा पाणी वर चढवायचे नसताना मोजलेला असतो. सम्पपासून टाकीच्या काठापर्यंत दीड मीटर चढ असेल, तर प्रत्यक्ष प्रवाह निम्म्यावरही येऊ शकतो. म्हणून रिटर्न पंप घेताना उंची आणि प्रवाह यांचा आलेख पाहावा.

एसी की डीसी?

एसी पंप थेट घरातल्या २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ विजेवर चालतात. रचना साधी असल्याने ते बरीच वर्षे टिकतात, पण बहुतेकांचा वेग बदलता येत नाही. अमेरिकेतून १२० व्होल्ट, ६० हर्ट्झचा पंप मागवू नये. रोहित्र लावून व्होल्टेज जुळवले, तरी वारंवारता बदलत नाही आणि तो पंप कमी वेगाने फिरतो.

डीसी पंप सहसा १२ किंवा २४ व्होल्टवर चालतात, वीज कमी घेतात आणि त्यांचा वेग बदलता येतो. त्यांना बॅटरीचा आधार देणेही सोपे असते. मात्र त्यात अडॅप्टर आणि कंट्रोलर हे बिघडू शकणारे दोन जादा भाग आले. टुन्झे, सिचे, जेबाओ किंवा इतर कोणतीही कंपनी असो, इम्पेलर, कंट्रोलर आणि अडॅप्टर सुटे मिळतात का, हे दुकानात आधी विचारावे. सुटा भाग मिळत नसेल, तर चांगला पंपही भंगारात जातो.

शाफ्ट सिरॅमिकचा असावा. साधा धातू खाऱ्या पाण्यात गंजतो. पाणी संपल्यावर आपोआप थांबण्याची सोय असणे चांगले.

उन्हाळा आणि उष्णता

पाण्यात बुडालेला पंप जेवढी वीज घेतो, तिचे अखेर जवळजवळ सगळे पाण्यातच उष्णतेत रूपांतर होते. एप्रिल-मेमध्ये पुण्याचा पारा ४० अंशांजवळ जातो, तेव्हा हा भार जाणवतो. म्हणून समान प्रवाह देणाऱ्या दोन पंपांत कमी वॅटचा निवडावा.

वीज गेली तर?

पुण्यात अनेक भागांत देखभालीसाठी गुरुवारी वीज बंद ठेवतात. वळवाच्या पावसात फांद्या तारांवर पडल्या की ती केव्हाही जाते. घरात इन्व्हर्टर असेल तर एक वेव्हमेकर त्यावर ठेवावा. इन्व्हर्टर साइन वेव्हचा असावा, कारण स्क्वेअर वेव्हवर एसी पंप घरघरतात आणि तापतात.

इन्व्हर्टर नसेल, तर १२ व्होल्टचा १० वॅटचा डीसी पंप ७ अँपिअर-तासाच्या बॅटरीवर चार-पाच तास चालू शकतो. तेही जमत नसेल, तर बॅटरीवरचा एअर पंप घरात असावाच.

देखभाल आणि सुरक्षा

दोन-तीन महिन्यांनी पंप उघडून पांढरा व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन त्यात बुडवावा. इम्पेलरवर साचलेला चुना विरघळतो. प्लगपाशी येण्याआधी वायर खाली लोंबती ठेवावी, म्हणजे पाणी ओघळून सॉकेटमध्ये जात नाही. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लावल्याशिवाय पाण्यात हात घालू नये.

प्रवाळ घेण्याआधी

कठीण प्रवाळ आणि समुद्रपंखे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. कोकण किनाऱ्यावरून ते तोडून आणणे किंवा विकणे गुन्हा आहे. परदेशी प्रवाळ असेल, तर आयात परवान्याची कागदपत्रे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. पंपाचा हिशेबही त्यानंतरच करावा, कारण किती प्रवाह लागेल हे टाकीत कोणते प्रवाळ असणार यावर ठरते.