मागच्या रांगेवरचा उजेड

कुटुंबाचे समूहछायाचित्र इतिहासाचे साधन म्हणून वाचायचे झाले की आपण बहुधा पोशाख पाहतो, दागिने पाहतो, बसण्याचा क्रम पाहतो आणि मागे शाईने लिहिलेली नावे जुळवतो. उजेड कोठून आला, हे सहसा विचारले जात नाही. आमच्या मते तो प्रश्न आधी विचारावयास हवा. घरातले कोण ठसठशीत उमटले आणि कोण अंधारात विरले, याचे उत्तर पुष्कळदा वंशावळीत नसून उजेडाच्या दिशेत असते.

उदाहरणासाठी पेण तालुक्यातील गागोदे बुद्रुक घेऊ. विनोबा भावे यांचा जन्म येथे ११ सप्टेंबर १८९५ रोजी झाला. आजोबा शंभुराव यांच्या घरात त्यांचे बालपण गेले. वडील नरहरपंत बडोद्यास नोकरीस होते आणि पुढे सगळे कुटुंबच तिकडे गेले. या भागातील जुनी घरे पावसासाठी बांधलेली, उजेडासाठी नव्हेत. उतरते कौलारू छप्पर, जाड भिंती, लहान खिडक्या, शेणाने सारवलेली जमीन आणि चुलीच्या धुराने काळे पडलेले वासे. ओटीवर उजेड, माजघरात अंधूक आणि स्वयंपाकघरात भर दुपारीही काळोख. अशा घरात त्या काळच्या काचेवर चित्र उमटवायचे तर माणसांना कित्येक सेकंद निश्चल बसवावे लागले असते. मांडीवरच्या मुलाला ते जमणारे नव्हते. म्हणून जुनी कौटुंबिक छायाचित्रे एक तर काचेच्या छपराच्या स्टुडिओतली असतात, नाही तर अंगणातली. घराचे म्हणून जे चित्र आपण जपतो, त्यात घर केवळ मागची भिंत असते.

कृत्रिम उजेड तेव्हा नव्हता असे नाही. १८८७ साली जर्मनीत अडॉल्फ मीथे आणि योहानेस गेडिके यांनी मॅग्नेशियमची झगमगती पूड तयार केली आणि तिच्या बळावर जेकब रीस याने न्यूयॉर्कमधील गरिबांच्या अंधाऱ्या खोल्या जगापुढे आणल्या. फाळके बडोद्याच्या कलाभवनात छायाचित्रण शिकले तेही याच सुमारास. परंतु लाकडी माळ्याच्या घरात भडका उडवून धूर करणारी ही पूड पेटवणे, हा काही सणासुदीला करण्याचा उद्योग नव्हे. १९२९-३० पासून काचेच्या गोळ्यातले फ्लॅशबल्ब आले, मागाहून विजेचे फ्लॅश आले, आणि धुराची अडचण संपली. दुसरी अडचण मात्र तशीच राहिली, आणि आमचा खरा विषय ती आहे.

कॅमेऱ्यावरून सरळ फेकलेला उजेड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात उणावतो. पुढची रांग २ मीटरवर आणि मागची ४ मीटरवर असेल, तर मागच्यांना पुढच्यांच्या एकचतुर्थांश उजेड मिळतो. पुढचे चेहरे पांढरेफटक, मागचे करडे, आणि भिंतीवर प्रत्येकाची काळी कडक सावली. आता आपल्याकडची प्रचलित मांडणी आठवावी: खुर्च्यांवर वडीलधारे, पायाशी मुले, मागे उभ्या सुना, आणि अगदी कडेला किंवा दारात घरातली कामाची माणसे. मानाचा क्रम आणि उजेडाचा क्रम येथे एकच होतो. पदार्थविज्ञानाच्या नियमाने जणू घराच्या रीतीवर शिक्कामोर्तब केले. हा योगायोग आहे हे मान्य. पण अभ्यासकाने मागच्या धूसर चेहऱ्यावरून त्या बाईच्या स्वभावाविषयी निष्कर्ष काढू नयेत, एवढी सावधगिरी या योगायोगाने शिकवावी.

फ्लॅशची मान वर वळवून उजेड छतावर फेकला की हे गणित बदलते. मग छताचा एक विस्तीर्ण तुकडाच दिव्याचे काम करतो; तो पुढच्या रांगेपासून आणि मागच्या रांगेपासून साधारण सारख्या अंतरावर असतो. चारास एक हे प्रमाण दोनास एकच्या आसपास येते, सावल्या मऊ होऊन माणसांच्या मागे खाली पडतात. बराचसा उजेड वाटेत खर्ची पडतो, म्हणून फ्लॅश जोरकस हवा. शिवाय छत पांढरे हवे, बेताच्या उंचीवर हवे, आणि मुख्य म्हणजे छत हवे! कौलांखाली ते नाही. काळे वासे उजेड गिळतात. फळ्यांचा माळा तो परत करतो, पण रंगीत चित्रात सगळे घर कावीळ झाल्यासारखे पिवळे करून. तेव्हा कोकणातील घरगुती समूहचित्राच्या इतिहासात कॅमेऱ्याइतकाच सिमेंटच्या स्लॅबचा वाटा आहे. स्लॅब पडला, त्याला चुना लागला, आणि कुटुंब फोटोपुरते अंगणातून उठून आत येऊ शकले. तेही बहुधा गणपतीत, कारण सगळे एकत्र येतात तेव्हाच, आणि बाहेर पाऊस असतो.

शंभुरावांच्या घरीही गणपती बसे. त्यासाठी मुलांनी चंदन उगाळावे आणि त्याची मूर्ती घडवावी, अशी तेथील रीत विनोबांनी सांगितली आहे. कालिंदीताईंनी संकलित केलेल्या त्यांच्या आठवणींत याच घरातला आणखी एक माणूस भेटतो: आंधळे काका. कष्टाळू, सौम्य, घरात सर्वांनी सांभाळलेले. कुटुंब बडोद्यास गेले तेव्हा ते गागोद्यासच राहिले.

या घराचे एक समूहचित्र कल्पून पाहा. छतावरून येणारा मऊ उजेड काकांच्याही चेहऱ्यावर सारखाच पडेल. ते कडेला उभे असले तरी. पण चित्रामागे नावे लिहिण्याची वेळ आली की उजेडाचा अधिकार संपतो. घरातले मूल तेथे ‘काका’ असे लिहील. वंशावळ घेऊन बसणारा संशोधक ते नाव कोठेच न सापडल्याने प्रश्नचिन्ह करील, किंवा नोकर असावा असे ठरवून मोकळा होईल. दोघांपैकी चूक कोणाची, हे सांगणे आम्हांस तितके सोपे वाटत नाही.

बडोद्यास एक दिवस काका वारल्याचे पत्र आले. नातलग गेल्यावर करावयाचे स्नान आईने केले नाही, सुतक पाळले नाही. मुलाने कारण विचारले तेव्हा आईने सांगितले की ते आपल्या नात्यातले नव्हते. त्यांना कोणी नव्हते, म्हणून ते आपल्याकडे राहात होते. तोवर विनोबांना ते ठाऊक नव्हते.