अतिबलवान नायक (कथालेखन)

अतिबलवान नायक : इतर पात्रांहून कैक पटींनी अधिक शारीरिक, दैवी वा अस्त्रविद्येचे सामर्थ्य लाभलेला कथानायक. महाभारतातला कर्ण, रामायणातला हनुमान, अमेरिकी कॉमिक्समधला सुपरमॅन ही ठळक उदाहरणे. असा नायक लिहिताना लेखकाचा कस लागतो, कारण झुंजीचा निकाल वाचकाला आधीच ठाऊक असतो. म्हणून कथेचा पेच बळाने सुटणार नाही अशा जागी न्यावा लागतो.

जेरी सीगल व जो शुस्टर यांचा सुपरमॅन १९३८ मध्ये ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात आला, तेव्हा त्याला उडता येत नव्हते, तो फक्त लांब झेपा घेई. पुढे त्याची ताकद वाढत गेली. तिला आवर घालणारे क्रिप्टोनाइट हे खनिज आधी १९४३ मध्ये रेडिओ मालिकेत आणि मग १९४९ मध्ये कॉमिक्समध्ये आले. हा उपाय सोयीचा, पण वरवरचा. खडा जवळ आला की नायक लुळा पडतो, दूर गेला की पूर्ववत होतो. निवड अशी त्याला करावीच लागत नाही. रिचर्ड डोनर यांच्या १९७८ च्या ‘सुपरमॅन’ चित्रपटात याहून सखोल क्षण आहे : पालक पिता हृदयविकाराने कोसळतो आणि एवढे बळ असलेला मुलगा काहीही करू शकत नाही. दुर्दैवाने याच चित्रपटाच्या शेवटी तो पृथ्वीभोवती वेगाने फिरून काळ मागे नेतो व प्रेयसी लोइसला वाचवतो. मरणच परतवता आले, की आधीच्या मरणाचे वजनही घटते.

कर्णाची रचना याहून कितीतरी सरस. गुरू परशुरामाचा शाप आणि रणात रुतलेले रथाचे चाक यांचाच बोलबाला अधिक, पण त्या गोष्टी बाहेरून येतात. त्याला खरे उघडे पाडते ते त्याने स्वतः दिलेले दान आणि वचन. सूर्याने आधी बजावले असतानाही तो ब्राह्मणवेषातल्या इंद्राला आपली जन्मजात कवचकुंडले देतो आणि बदल्यात एकदाच वापरता येणारे ‘शक्ती’ हे अस्त्र मागून घेतो. युद्धापूर्वी जन्मदात्या कुंतीला शब्द देतो, की अर्जुनाखेरीज तिच्या एकाही मुलाला मारणार नाही.

या दोन्हींची किंमत युद्धाच्या चौदाव्या दिवशी एकदमच चुकती होते. रथ व शस्त्रे गमावलेला भीम मेलेल्या हत्तींच्या आडोशाला जातो आणि हत्तींचे अवयव, चाके, हाती लागेल ते फेकू लागतो. कर्ण ते सारे बाणांनी तोडतो. मग शब्द आठवून भीमाला धनुष्याच्या टोकाने नुसते डिवचतो, खादाड म्हणून हिणवतो आणि जिवंत सोडतो. त्याच रात्री भीमाचा मुलगा घटोत्कच कौरवसेनेची दाणादाण उडवतो. सैनिक शक्ती सोडण्यासाठी आक्रोश करतात आणि अर्जुनासाठी जपलेले ते अस्त्र कर्ण घटोत्कचावर खर्ची घालतो. कौरवसेना वाचते. पांडव शोकात बुडालेले असताना कृष्ण मात्र अर्जुनावरचे संकट टळले म्हणून आनंदाने त्याला मिठी मारतो.

हनुमानाच्या बाबतीत वेगळी युक्ती दिसते. ऋषींच्या शापामुळे त्याला स्वतःच्या बळाचा विसर पडलेला असतो आणि समुद्रकाठी जांबवान त्याला ते आठवून देतो. याउलट जपानी मांगाकार ‘वन’ यांच्या २००९ मध्ये सुरू झालेल्या ‘वन-पंच मॅन’मध्ये नायक सैतामाला प्रत्येक शत्रू एका ठोशात लोळवता येतो, त्याचे दुखणे म्हणजे या जिंकण्यातून आलेला रितेपणा.

निवेदन कोणाच्या तोंडी द्यायचे, हाही प्रश्न मोलाचा. शिवाजी सावंत यांच्या ‘मृत्युंजय’मध्ये (१९६७) कर्णाबरोबर कुंती, पत्नी वृषाली, मित्र दुर्योधन, धाकटा भाऊ शोण व कृष्णही बोलतात. त्यामुळे कर्णाचे शौर्य त्याच्या आत्मस्तुतीवर विसंबत नाही. ते त्याला टाकणाऱ्या आईच्या, त्याच्यावर भिस्त ठेवणाऱ्या मित्राच्या आणि त्याच्यासाठी जीव टाकणाऱ्या धाकट्या भावाच्या नजरेतून वाचकापर्यंत पोचते.