मुंबई ते लंडन अंतर किती? जाताना जास्त आणि येताना कमी वेळ का लागतो?

मुंबईहून लंडनला शिक्षणासाठी, नोकरीसाठी किंवा मुलांकडे जाणाऱ्यांची संख्या मोठी आहे. तिकीट काढताना दोन प्रश्न हमखास पडतात. अंतर किती आणि वेळ किती?

अंतर किती आहे?

मुंबई विमानतळ ते लंडनचा हीथ्रो विमानतळ हे हवाई अंतर साधारण ७,२०० किलोमीटर आहे. पृथ्वी गोल असल्यामुळे सर्वांत जवळचा मार्ग सपाट नकाशावर वक्र दिसतो. तो बलुचिस्तान, इराण, कॉकेशस आणि युक्रेनवरून जातो.

प्रत्यक्षात विमानं या रेषेवरून जात नाहीत. युक्रेनची हवाई हद्द फेब्रुवारी २०२२ पासून नागरी विमानांसाठी बंद आहे. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांच्या विमानांसाठी आपली हद्द बंद केली. अशा वेळी वळसा घ्यावा लागतो, अंतर वाढतं आणि इंधनही जास्त लागतं.

विमानाला किती वेळ लागतो?

ताशी ९०० किलोमीटर वेग धरला तर गणित आठ तासांचं येतं. पण धावपट्टीपर्यंत जाणं, उड्डाण, उतरण्यासाठी थांबणं आणि वळसा धरून थेट विमानाला मुंबईहून लंडनला जायला साडेनऊ ते दहा तास किंवा थोडा जास्त वेळ लागतो. परतताना सुमारे नऊ तास पुरतात.

याचं कारण वारा. साधारण १० ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. त्यांना 'जेट स्ट्रीम' म्हणतात. लंडनला जाताना ते समोरून येतात, तर परतताना मागून ढकलतात. हिवाळ्यात त्यांचा जोर वाढतो.

घड्याळाचा घोळ

लंडन भारताच्या साडेपाच तास मागे आहे. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत तिथली घड्याळं एक तास पुढे असतात. तेव्हा हा फरक साडेचार तासांचा होतो.

समजा, जानेवारीत मुंबईहून पहाटे २ वाजता निघालात आणि प्रवास १० तासांचा झाला. भारतात दुपारचे १२ वाजलेले असतील, पण लंडनमध्ये सकाळचे साडेसहा. उलट, लंडनहून दुपारी १ वाजता निघून नऊ तासांनी मुंबईत पोहोचलात, तर इथे दुसऱ्या दिवशीचे पहाटेचे साडेतीन वाजलेले असतील. विमानतळावर घ्यायला येणाऱ्यांना ही तारीख नीट सांगा.

तिकीट पाहताना काय लक्षात ठेवावं?

- तिकिटावर निघण्याची आणि पोहोचण्याची वेळ त्या-त्या शहराची स्थानिक वेळ असते. दोन्हींची सरळ वजाबाकी करू नका.
- '१५ तारीख, ००.३०' म्हणजे १४ तारखेची मध्यरात्र उलटल्यावर. घरून १४ तारखेलाच रात्री निघायचं असतं. १५ च्या रात्री गेलात, तर विमान आदल्या रात्रीच गेलेलं असेल.
- पोहोचण्याच्या वेळेपुढे '+१' असेल, तर विमान दुसऱ्या दिवशी पोहोचतं.
- मध्ये विमान बदलायचं असेल, तर उड्डाणाचा नाही, एकूण प्रवासाचा वेळ बघा.

पूर्वी किती वेळ लागायचा?

एअर इंडियाचं पहिलं आंतरराष्ट्रीय विमान 'मलबार प्रिन्सेस' ८ जून १९४८ रोजी मुंबईहून लंडनला निघालं. कैरो आणि जिनिव्हा इथे थांबत ते १० जूनला पोहोचलं. आज तेच अंतर एका रात्रीत कापलं जातं.