नवी वसाहत, जुनी गटारे: अपधाव गुणांकाचा धडा

पर्जन्यजल वाहिनीचा विसर्ग काढताना आपण अपधाव गुणांक, पावसाची तीव्रता आणि क्षेत्रफळ यांचा गुणाकार करतो. या पद्धतीचा पाया आयर्लंडमध्ये मुल्व्हॅनी यांनी १८५१ मध्ये घातला. १८८९ मध्ये अमेरिकेतील रोचेस्टर शहराच्या अभ्यासातून एमिल कुइचलिंग यांनी दाखवले, की छपरे आणि फरसबंदी वाढली की तेवढ्याच पावसाचे जास्त पाणी गटारात येते.

मुंबईच्या जुन्या पर्जन्यजल वाहिन्या ताशी २५ मि.मी. पाऊस आणि ०.५ गुणांक धरून आखलेल्या होत्या. म्हणजे निम्मेच पाणी वाहिनीत येईल, असे गृहीत होते. पुढे मोकळ्या व पाणथळ जागांवर वसाहती उभ्या राहिल्या. १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने ताशी ५० मि.मी. आणि गुणांक १ धरण्यास सांगितले. आकडेमोड करून पाहा: एका हेक्टरमागे ताशी १२५ घनमीटरऐवजी ५०० घनमीटर, म्हणजे चौपट पाणी.

ती कामे रेंगाळली. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मि.मी. पाऊस पडला, त्यातला बराचसा काही तासांतच. ५० मि.मी.ची वाहिनीही त्या दिवशी अपुरी पडली असती. पण २५ मि.मी.ची तर दरवर्षीच तुंबत होती.

म्हणून नव्या वसाहतीसाठी गुणांक निवडताना आजचे शेत पाहू नका, उद्याचे छप्पर आणि रस्ता पाहा. सांडपाण्याची वाहिनी वेगळी ठेवा. आणि पाणी कुंपणाबाहेर कोणाच्या दारात जाणार, हेही तपासा.